घरचा हिशेब (लेखांक ७) : फेड दोघांची, सही ज्याची त्याची

मागच्या लेखात आपण स्वतःचा पत अहवाल कसा मिळवायचा आणि कसा वाचायचा ते पाहिलं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. आता पुढचं पाऊल. नवरा आणि बायको दोघांनी आपापला अहवाल काढून एकमेकांसमोर ठेवायचा. सांगायला हे सोपं आहे, करायला जड जातं. बहुतेक संसारांत एकमेकांचा पगार साधारण ठाऊक असतो, पण देणं किती ते पुरतं ठाऊक नसतं. लपवण्यामागे लबाडी क्वचितच असते. लाज असते, घरात कटकट नको ही इच्छा असते, आणि पुढच्या बोनसमध्ये मिटवून टाकू ही आशा असते. व्याज मात्र तोवर थांबत नाही.

आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कर्ज कोणाच्याही नावावर असलं तरी ते फेडण्याचा बेत दोघांनी मिळून करावा. आणि फेड एकत्र करायची म्हणून दोघांची नावं एकाच कागदावर घालू नयेत. पहिली गोष्ट संसाराची आहे, दुसरी कायद्याची. घर सावरायला दोन्ही लागतात.

आधी पूर्ण आकडा

एक साधी वही घ्या. प्रत्येक देण्याला एक ओळ आणि ओळीत सात रकाने : कोणाचं देणं, कर्ज कोणाच्या नावावर, आज बाकी किती, दरमहा हप्ता किती, व्याजदर किती, शेवटचा हप्ता कधी, जामीन कोण. पत अहवालात बँका, वित्त कंपन्या आणि क्रेडिट कार्डं सापडतील. पण काही देणी त्यात दिसण्याची खात्री नसते आणि काही तर कधीच दिसत नाहीत. पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज बऱ्याचदा फक्त पगारपत्रकात दिसतं. कपातीच्या बाजूला 'सोसायटी' म्हणून एक आकडा असतो. त्यात वर्गणी किती, मुद्दल किती आणि व्याज किती हे पतसंस्थेच्या उताऱ्यावरून कळतं. पगार खात्यात जमा होण्याआधीच ही रक्कम कापली गेलेली असल्याने जोडीदाराला तिचा पत्ता नसतो. तसंच उचललेल्या भिशीचे उरलेले हप्ते, बचत गटातून घेतलेली रक्कम, किराणा दुकानातली उधारी, ऑफिसातून घेतलेली उचल आणि मेहुण्याकडून किंवा मामाकडून घेतलेली उसनवारी. हे सगळं वहीत उतरलं पाहिजे.

मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या ॲपचं देणं असेल तर ते आधी सांगा. ही रक्कम छोटी असते, पण मुदत फार कमी असते आणि एकाचं फेडायला दुसरं ॲप, दुसऱ्याचं फेडायला तिसरं अशी साखळी लागते. जोडीदाराला सर्वांत उशिरा कळतं ते बहुधा हेच देणं.

दोघांनी बसायची वेळही विचारपूर्वक ठरवा. हप्ता परत गेल्याचा मेसेज आला त्या रात्री नको. मुलं घरात नसताना, सुट्टीच्या दिवशी सकाळी बसा. पहिल्या बैठकीत फक्त आकडे लिहायचे. हे कर्ज का काढलंस, मला का सांगितलं नाहीस, हे प्रश्न खरे आहेत आणि विचारायचा हक्कही आहे, पण ते त्या दिवशी विचारले तर उरलेले आकडे बाहेर येत नाहीत.

एका घराचं गणित

समजा, पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात राहणारं एक जोडपं आहे. पतसंस्थेचा हप्ता जाण्याआधी त्याचा हातात येणारा पगार ३५,००० रुपये, तिचा १५,०००. वहीत पाच देणी आहेत. क्रेडिट कार्डाचे ८०,०००. पर्सनल लोनचे २,४०,०००, व्याज १६ टक्के, ३६ हप्ते बाकी, हप्ता साधारण ८,४४०. पतसंस्थेचे १,००,०००, व्याज १२ टक्के, २४ हप्ते बाकी, हप्ता साधारण ४,७१०. टीव्हीचे २,५०० रुपयांचे आठ हप्ते, म्हणजे २०,०००. आणि तिच्या भावाकडून घेतलेले बिनव्याजी ५०,०००. एकूण ४,९०,०००.

यातलं सर्वांत मोठं देणं पर्सनल लोन दिसतं. पण घर पोखरतंय ते कार्ड. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरलं तर ८०,००० वर महिन्याला २,८०० रुपये व्याज होतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५०४. झाले ३,३०४. बिलावर किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ४,००० असेल आणि तेवढीच भरली, तर बाकी कमी होते फक्त ६९६ रुपयांनी. दरमहा बाकीच्या पाच टक्केच भरत राहिलं तर कर्ज निम्म्यावर यायलाही पाच वर्षांहून जास्त काळ लागतो. त्यातही मागची बाकी शिल्लक असताना कार्डावर नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून पहिला नियम असा की, बाकी शून्य होईपर्यंत कार्ड पाकिटातून बाहेर काढायचं नाही आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा क्रमांकही पुसून टाकायचा.

कार्डाचे किमान ४,००० धरून या घराचे हप्ते १९,६५० होतात, उत्पन्नाच्या जवळजवळ ३९ टक्के. भाडं, किराणा, शाळा, प्रवास मिळून २२,३५० रुपये खर्च धरला तर ८,००० उरतात. आजवर ते कुठे जात होते ते कळत नव्हतं. आता ते ८,००० आणि आधीचे ४,००० असे १२,००० दरमहा कार्डावर भरले, तर आठव्या महिन्यात कार्ड मिटतं. व्याज आणि करापोटी साधारण १५,५०० जातात. त्याच महिन्यात टीव्हीचे हप्तेही संपतात आणि नवव्या महिन्यापासून १४,५०० रुपये मोकळे होतात.

पुढचा नंबर कोणाचा?

इथे निव्वळ गणित आणि घर यांची उत्तरं वेगळी येतात. गणित म्हणतं, १६ टक्क्यांच्या पर्सनल लोनकडे वळा, बिनव्याजी उसनवारी शेवटी ठेवा. पण भावाचे पैसे हे फक्त पैसे नसतात. दर राखीपौर्णिमेला, दर भाऊबीजेला ते तिच्या मनावर असतात. भाऊ मागत नाही, वहिनी बोलत नाही, आणि तरीही माहेरी जाताना तिला संकोच होतो. या उदाहरणात आधी भावाचे फेडले तर पर्सनल लोनवर साधारण सहा-सात हजार रुपये व्याज जास्त जातं. एवढी किंमत देऊन तो संकोच संपवायचा का, हा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. मला विचाराल तर भावाचे आधी फेडावेत. नात्यातलं देणं रेंगाळलं की त्याचं व्याज वहीत दिसत नाही, पण द्यावं लागतंच. हाच न्याय त्याच्या मित्राच्या किंवा काकांच्या उसनवारीलाही लावायचा. तिच्या माहेरचं ते आधी आणि त्याच्या बाजूचं ते मग, किंवा उलटं, असं होता कामा नये.

नवव्या महिन्यापासून दरमहा १४,५०० दिले तर चार महिन्यांत, म्हणजे वर्ष पुरं होताना, भावाचे ५०,००० फिटतात. तोपर्यंत पर्सनल लोनची बाकी नेहमीच्या हप्त्यांनी साधारण १,७२,००० वर आलेली असते. आता हप्ता आणि मोकळी रक्कम मिळून दरमहा सुमारे २३,००० त्यावर भरले तर आठ महिन्यांत तेही संपतं. एकविसाव्या महिन्यात पतसंस्थेची उरलेली अठरा-एकोणीस हजारांची बाकी एकदम देता येते. तीन वर्षं चालणारं कर्ज पावणेदोन वर्षांत संपलं, पगारवाढ न होता. कारण एकच, एक हप्ता संपला की ती रक्कम खर्चात विरघळू दिली नाही, पुढच्या देण्याला जोडली.

पर्सनल लोन मुदतीआधी फेडताना करारपत्र वाचा. अशी कर्जं बहुधा स्थिर व्याजदराची असतात आणि त्यांवर मुदतपूर्व फेडीचं शुल्क असू शकतं. ठरावीक हप्ते होईपर्यंत काही बँका जादा रक्कम स्वीकारत नाहीत. तसं असेल तर ती रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत साठवा आणि मुदत येताच भरा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच करा. निदान एका महिन्याच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला पाडा, त्यासाठी कार्ड मिटायला दोन-तीन महिने जास्त लागले तरी चालतील. जूनमधल्या वह्या-पुस्तकं-गणवेश, गणपती, दिवाळी, लग्नसराईतले आहेर हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी त्याच सुमारास येतात. त्यांची तजवीज नसली की कार्ड पुन्हा पाकिटातून बाहेर निघतं. ऋण काढून सण नको हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण सणाचे पैसे आधीपासून बाजूला काढणं हाच ते पाळण्याचा मार्ग आहे.

कोणी किती उचलायचं

निम्मं-निम्मं हे वरवर न्याय्य वाटतं, पण पगार ३५,००० आणि १५,००० असताना तसं नसतं. वरच्या ८,००० चा भार उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला तर त्याच्याकडे ५,६०० आणि तिच्याकडे २,४०० येतात. हे प्रमाण दोघांनाही पेलतं. जिथे बायको नोकरी करत नाही, तिथे तिच्या वाट्याला रक्कम येणार नाही, पण वहीत आणि निर्णयात तिचा वाटा निम्माच असायला हवा. घरखर्चातून रुपया वाचवणारा हातही बहुतेक वेळा तिचाच असतो. उलट, बायको कमावते आणि नवऱ्याचं काम सुटलं आहे अशा घरांतही हेच लागू आहे.

दोघांनाही दरमहा पाचशे-हजार रुपये असे असावेत, की ज्यांचा हिशेब कोणी विचारणार नाही. प्रत्येक चहाचा आणि प्रत्येक रिक्षाचा जाब द्यावा लागला की माणूस पुन्हा लपवायला लागतो, आणि लपवण्यातूनच तर हे सगळं सुरू झालेलं असतं. महिन्यातून एकदा, हप्ते गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, अर्धा तास वही उघडायची, बाकीचे नवे आकडे लिहायचे आणि मिटायची. मधल्या दिवसांत त्यावरून टोमणे नकोत.

सही करण्याआधी

आता कायद्याची बाजू. लग्न झालं म्हणून नवऱ्याचं वैयक्तिक कर्ज बायकोचं होत नाही, आणि बायकोचं नवऱ्याचं होत नाही. ज्याने करारावर सही केली, देणं त्याचं. जोडीदार सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच बँक त्याच्याकडे मागू शकते. कर्जदाराचा मृत्यू झाला तर वारसांची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यांच्या स्वतःच्या कमाईपर्यंत ती पोहोचत नाही. क्रेडिट कार्डावर जोडीदारासाठी घेतलेलं ॲड-ऑन कार्ड मात्र लक्षात ठेवा. त्यावरचा सगळा खर्च मूळ कार्डधारकाच्या डोक्यावर असतो.

बँकेत 'सगळी कर्जं एकत्र करून एकच लोन घ्या' असं सुचवलं जातं, आणि एकट्याच्या पगारावर ते बसत नसेल तर 'मॅडमचंही नाव घाला' म्हणतात. इथे थांबा. सहकर्जदार म्हणून सही केली की पूर्ण कर्जाची जबाबदारी दोघांवर येते, निम्म्याची नाही. जामीनदाराचंही तसंच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळं काही नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. आणि बँकेने आधी कर्जदाराकडून वसूल करण्याचे सगळे प्रयत्न संपवावेत मगच जामीनदाराकडे जावं, अशी सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पुढे हप्ता थकला तर दोघांचाही पत अहवाल एकाच वेळी बिघडतो. मग मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायची वेळ आली की घरात एकही स्वच्छ नाव उरत नाही.

म्हणून जुनं वैयक्तिक कर्ज ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर राहू द्या. पैसे दोघांचे भरा, हरकत नाही. गृहकर्जाची गोष्ट वेगळी. तिथे घरही दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे कर्जावर दोघांची नावं असणं योग्य आहे. फक्त कर्जावर नाव आहे तर घराच्या कागदावरही आहे ना, हे बघा.

कोणतंही नवं कर्ज घेताना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांना ते देणं बँका आणि वित्त कंपन्यांवर बंधनकारक आहे. व्याज आणि इतर आकार धरून कर्ज वर्षाला एकूण किती टक्क्यांनी पडतं ते त्यात एका आकड्यात दिलेलं असतं. हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे, तेव्हा मराठीत मागायला अजिबात संकोचू नका.

तिचं सोनं

कार्डाचं कर्ज सोनं गहाण ठेवून मिटवावं का? गणिताने पाहिलं तर हो. ८०,००० रुपये वर्षाला १० टक्क्यांनी मिळाले तर महिन्याचं व्याज ६६७ रुपये होतं, कार्डावर तेच ३,३०४ होतं. पण घरातलं सोनं बहुधा तिचं असतं. माहेरून आलेले आणि लग्नात तिला मिळालेले दागिने हे स्त्रीधन, आणि त्यावर मालकी फक्त तिची. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं : स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. अडचणीच्या काळात नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करणं हे त्याचं नैतिक कर्तव्य आहे.

तेव्हा पाटल्या गहाण ठेवायच्या असतील तर तीन अटी पाळा. तिचा होकार मनापासून असावा, आजूबाजूच्यांच्या दबावाखालचा नसावा. वहीत दागिन्यांची नावं, वजन आणि सोडवण्याची तारीख लिहावी आणि खाली दोघांनी सही करावी. आणि कार्ड त्याच दिवशी बंद करावं किंवा त्याची मर्यादा अगदी खाली आणावी. नाहीतर वर्षभरात पाटल्याही बँकेत आणि कार्डही पुन्हा भरलेलं, अशी दुहेरी ओढाताण होते. सोनेतारण कर्जात मुद्दल आणि व्याज मुदतअखेर एकदम भरायचं आहे की दरमहा हप्ता आहे, ते आधी विचारा. एकदम भरायचं असेल तर दरमहा तेवढी रक्कम बाजूला काढलीच पाहिजे, कारण थकलं तर दागिना लिलावात जातो.

तिच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी आणखी एक तरतूद आहे. १८७४ च्या विवाहित महिलांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ नुसार नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांच्या लाभासाठी घेतला, तर ती रक्कम तिची आणि मुलांची राहते, नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज भरून द्यावा लागतो. डोक्यावर कर्ज असणाऱ्या प्रत्येक कमावत्या माणसाने मुदतीचा विमा असाच घ्यावा.

हप्ता थकलाच तर

फोन बंद करून बसू नका. हप्ता थकण्याआधीच शाखेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मागा. अर्जाची पोच घ्या. 'सेटलमेंट'ला सहज होकार देऊ नका. थोडी रक्कम माफ होते, पण पत अहवालात कर्ज 'पूर्ण फिटलं' असं न दिसता 'तडजोड' म्हणून दिसतं आणि पुढची अनेक वर्षं नवं कर्ज मिळणं अवघड होतं.

वसुली करणाऱ्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास द्यायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधली नावांची यादी उघडायची मुभा नाही. तसं कोणी केलं तर आधी त्या बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. पतसंस्थेचं प्रकरण मात्र रिझर्व्ह बँकेकडे जात नाही, ते सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे न्यावं लागतं. अशा वेळी ज्याच्या नावावर कर्ज नाही त्या जोडीदाराने फोनवर 'आम्ही भरतो' असं काही कबूल करू नये आणि समोर आलेल्या कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये.

शेवटचा हप्ता गेला की काम संपत नाही. बेबाकी दाखला घ्या. गहाण कागदपत्रं आणि बँकेला दिलेले कोरे चेक परत घ्या. बँक खात्यावरची हप्ता कापण्याची परवानगी रद्द करा. दोन महिन्यांनी पत अहवाल पुन्हा काढून कर्ज 'बंद' दिसतं का ते पाहा.

पुढच्या आठवड्यात आपण दुसऱ्यासाठी दिलेल्या जामिनाबद्दल बोलू : भावाला, मित्राला, सहकाऱ्याला जामीन राहिलेल्या माणसाने काय करावं. तोपर्यंत एवढं करा. या रविवारी दोघं बसा, वही उघडा आणि सात रकाने आखा. आकडा कितीही मोठा निघाला तरी तो दोघांना माहीत असणं हीच फेडीची सुरुवात आहे. ज्या जोडीदाराने आजवर काही लपवलं असेल, त्याने ते आज सांगावं, आणि ज्याला ते आज कळेल, त्याने आधी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.